सेटल होणे म्हणजे

लग्नाच्या बोलण्यांत, निवृत्तीच्या निरोप समारंभांत, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या नातेवाइकांत एक इंग्रजी शब्द आता पक्का मराठी होऊन गेला आहे : सेटल. मोठा सेटल झाला, धाकटीचं तेवढं बाकी आहे. भाचा कॅनडात सेटल आहे. दोघं सेटल झाली की आम्ही मोकळे. पगाराची नोकरी, स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, लग्न आणि जमल्यास एखादे मूल, एवढे सगळे या एका शब्दात आपण भरतो आणि पुढे काही विचारत नाही. नवी मुंबईत तो जरा जास्तच ऐकू येतो, कारण सेटल व्हायला आलेल्यांनीच हे शहर भरले. परळ-लालबागच्या खोल्यांतून वाशीला, घाटावरच्या गावांतून कोपरखैरण्याला, मराठवाड्यातून कामोठ्याला आलेली कुटुंबे याच एका आशेने आली. त्या आशेबद्दल मला आदर आहे. पण हा शब्द आपण चुकीच्या जागी लावतो, असे माझे म्हणणे आहे. स्थैर्य ही एकेका माणसाची कमाई आहे, पदवीप्रमाणे एकदा मिळवली की जन्मभर आपली, असे आपण बोलतो. प्रत्यक्षात ती बऱ्याच जणांनी मिळून उभी केलेली व्यवस्था असते. ती कोणी केली, किती मुदतीची केली आणि ती करताना कोणाला उठवले, हे विचारल्याशिवाय ‘सेटल’ या शब्दातून काहीच कळत नाही.

याच अर्थाची आपली जुनी बोलणी आठवून पाहा. जम बसतो. बस्तान बसते. संसाराची घडी बसते. यात माणूस स्वतः कुठे बसत नाही, बसते ती त्याच्या भोवतीची मांडणी. मार्गी लागलेला मुलगा तर चालतच असतो, आणि त्याला मार्गी लावणारे कोणीतरी असते, मामा, गुरुजी, गावचा गिरणीतला जॉबर. ‘तो सेटल झाला’ म्हटले की हे सगळे लोक गायब होतात आणि तो एकटा उरतो. मग न झाल्याचा दोषही त्याच्या एकट्याच्या माथी येतो. बत्तीस वर्षांच्या, दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्या मुलाविषयी ‘अजून काही सेटल नाही’ असे आईवडील खालच्या आवाजात सांगतात. त्याच्याच टेबलावर, त्याच कामासाठी आधीच्या पिढीत कायम नोकरीतला माणूस बसत होता, ही गोष्ट त्या वाक्यात येत नाही. शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही. आला, रुळला, राहू दे. पण आपल्याकडे तो फार आधी आला आहे आणि त्याचा इथला इतिहास आपण विसरलो आहोत.

पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तांच्या पदाचे इंग्रजी नाव आजही सेटलमेंट कमिशनर असे आहे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात शेतन् शेत मोजून, जमिनीची प्रत लावून आकार ठरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. सरकारात किती भरायचे हे पुढच्या तीस सुगींसाठी ठाऊक होते, त्या आधारावर विहीर खणता येत होती, मुलीचे लग्न ठरवता येत होते. १८६० च्या दशकात मुदत संपली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, ते पाहून नवा आकार बराच वाढवला गेला. भाव उतरले, आकार उतरला नाही, आणि कर्जासाठी सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी कर्जरोखे जाळले आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. बापाच्या पिढीत सेटल असलेले कुटुंब मुलाच्या पिढीत उघड्यावर आले, ते मुलाच्या आळसामुळे नव्हे. सोलापुरात हा शब्द आणखी वेगळ्या वाटेने आला. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवले, रोज हजेरी लावली, गिरण्यांत कामाला जुंपले. त्या जागेला सेटलमेंट म्हणत आणि लोकांच्या तोंडी त्या वस्तीचे नाव आजही सेटलमेंटच आहे. जमातींना गुन्हेगार ठरवणारा, १८७१ मध्ये प्रथम आलेला तो कायदा पुढे १९५२ मध्ये रद्द झाला. पण फिरत्या माणसाला एका जागी बसवणे म्हणजे त्याचे भले करणे, हा त्यामागचा विचार किती सहजपणे कुंपणापर्यंत जातो, ते तिथे दिसले. ‘सेटल करणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. करणारा एक असतो आणि ज्याला केले जाते तो दुसरा.

नवी मुंबईत हे दोघे शेजारी राहतात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या. पुढे एकूण ९५ गावे या आराखड्यात आली. सेटल या शब्दाच्या आपल्या आजच्या कसोट्या लावल्या तर या गावांतल्या आगरी-कोळ्यांइतके सेटल त्या काळी मुंबई परिसरात फार थोडे असतील. नावावर सातबारा, वडिलार्जित घर, भाताची खाचरे, मिठागरे, दाराशी खाडी, कुळाचा देव आणि हाकेच्या अंतरावर सोयरे. हे सगळे एका कागदाने हलले. मोबदल्याच्या दरासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याची योजना या लढ्यातून पुढे आली. सामाजिक सुविधांसाठीची कपात वजा जाता त्यातला पावणेनऊ टक्के हातात पडतो. दरम्यान कुटुंबे वाढत होती, गावठाणाच्या हद्दी तशाच होत्या, म्हणून लोकांनी आपल्याच गावात घरे बांधली. ती कागदोपत्री अनधिकृत ठरली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग सरकारी निर्णयांत आणि मोर्चांच्या फलकांवर कित्येक वर्षे फिरतो आहे. शहर वसण्याआधीपासून जे वसलेले होते त्यांचे घर नियमित करायचे बाकी आहे, आणि नंतर येऊन सेक्टरात राहिलेला सेटल आहे. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली अशी गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ नकोच होता असे मी म्हणत नाही. तो ज्यांच्या जमिनीवर उभा राहिला ती माणसे बेशिस्त, अस्थिर किंवा मागासलेली नव्हती, एवढेच सांगायचे आहे. मालकी त्यांना स्थैर्य देऊ शकली नाही.

मग सेक्टरात राहणारा तरी किती सेटल आहे? त्याची इमारत ज्या भूखंडावर उभी आहे तो सिडकोने मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेला असतो. मुदत वाढवण्याचे, जमीन फ्रीहोल्ड करण्याचे प्रश्न म्हणूनच इथे निवडणुकीचे मुद्दे होतात. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या, जेएन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिडकोच्या जुन्या इमारतींत छताचे प्लास्टर निखळत असताना रहिवासी पुनर्विकासासाठी वर्षानुवर्षे थांबले. तिथला पहिला मालक निवृत्त झाला, मुलाचे लग्न झाले, नातवंडे शाळेत जाऊ लागली आणि घराच्या दारावर धोकादायक इमारतीची नोटीस आली. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून ती राहण्याजोगी आहे असा दाखला घ्यावा लागतो. कायदा इमारतीच्या स्थैर्याकडेही पुन्हा पुन्हा तपासून घेण्याची गोष्ट म्हणून पाहतो, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

जमिनीचे काम करणारे इंजिनिअर तर हाच शब्द उलट्या वाटावा अशा अर्थाने वापरतात. त्यांच्या बोलण्यात सेटलमेंट म्हणजे खचणे. ठाण्याच्या खाडीच्या या काठाला, न्हावा-शेव्यापर्यंत, भरावाखाली काळपट राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ आहे. त्यात पाणी भरपूर आणि ते बाहेर पडायला वाट नाही. वर भार आला की पाणी हळूहळू निघते आणि गाळ तेवढा बसतो. हे किती आणि किती काळात होईल याचे गणित कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये मांडले. ते थांबवता येत नाही, म्हणून आधीच घडवून आणतात. गाळात ठरावीक अंतरावर खोलवर सच्छिद्र पट्ट्या उतरवतात, वर मातीचा जादा ढीग रचतात आणि त्याच्या वजनाने पाणी पट्ट्यांतून वर काढतात. भरावाच्या तळाशी एक लोखंडी पत्रा ठेवलेला असतो, त्याला उभी सळई, सळईचे टोक वर दिसेल असे. सर्व्हेअर ठरलेल्या दिवशी लेव्हल लावतो, टोक किती मिलिमीटर उतरले ते वहीत लिहितो. सुरुवातीला आकडे भराभर बदलतात, मग सावकाश. आलेखाची रेघ जवळजवळ आडवी झाली की ढीग हटतो आणि बांधकामाला परवानगी मिळते. पिसाचा मनोरा ११७३ मध्ये सुरू झाला आणि मध्ये जवळजवळ शंभर वर्षे काम बंद पडले. त्या काळात खालच्या चिखलाला बसायला वेळ मिळाला म्हणूनच तो पडला नाही, असे तज्ज्ञ सांगतात. या शास्त्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की सगळी इमारत सारखी खचली तर तिचे फारसे बिघडत नाही. एक कोपरा इतरांपेक्षा जास्त खचला की तुळया ताणल्या जातात आणि भिंतींना तिरके तडे जातात. शहराबद्दलही मला तेच दिसते. थोडी अनिश्चितता सगळ्यांच्या वाट्याला आली तर समाज ती पेलतो. ती सगळी एकाच कोपऱ्यावर लोटली की तडे पडतात, आणि ज्यांचा कोपरा खचला नाही त्यांच्याही भिंतीत पडतात.

यावर कोणी म्हणेल, शेवटी सगळेच अस्थिर असे सांगून काय साधले? आयुष्याला काही आधार हवाच. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मिळते. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथले बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागून माथाडी, म्हणजे माल वाहणारे हमाल, आले. बहुतेक सातारा, सांगली, पुणे, नगरच्या डोंगराळ तालुक्यांतले. त्यांच्या कामाचे स्वरूप पाहा. आज दहा गाड्या, उद्या चाळीस, पावसाळ्यात एखाद्या दिवशी काहीच नाही. एक व्यापारी मालक नाही, कायम जागा नाही. कांदा-बटाटा बाजारात गाडी लागते, टोळीतला एक जण वर चढून आकड्याने गोण ओढतो, खालचा डोक्यावरचे गोणपाट सारखे करून मान ताठ धरतो आणि पन्नास किलो अंगावर घेऊन वखारीत धावतो. पन्नास किलोंपेक्षा जड गोण उचलायची नाही, हा त्यांचा जुना आग्रह, आणि त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा भांडावे लागले. आपल्या कुठल्याही कसोटीत हे काम सेटल ठरणार नाही. आणि तरी याच माणसांना भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे, बोनस आहे, भरपगारी सुट्टी आहे. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. गोदीतल्या कामगारांसाठी १९४८ मध्ये असा कायदा आधी झाला होता. कल्पना सोपी आहे. कामगार आपले नाव कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे नोंदवतो, मालकही तिथेच नोंदवतो. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो, मंडळ टोळीच्या हिशेबाने मजुरी देते आणि लेव्हीतून बाकीच्या हक्कांची तजवीज करते. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. गिऱ्हाईक बदलते, गाडी बदलते, व्यापारी पेढी बंद करतो, पण नोंद राहते. काम अस्थिर असताना आयुष्य स्थिर ठेवता येते, हे या लोकांनी करून दाखवले. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वस्त्यांतून डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर निघाले, त्यांच्या मुळाशी मंडळाकडची ही नोंद आहे. पुढे केरळनेही ओझी वाहणाऱ्यांसाठी १९७८ चा स्वतंत्र कायदा केला.

याच ठिकाणी दुसरा आक्षेप येईल, आणि तो बाजारातले व्यापारी व उद्योजक मोकळेपणाने घेतात. माथाडींच्या नावाखाली काही टोळ्या काम न करता पैसे मागतात, कारखान्याच्या फाटकावर दमदाटी होते, मंडळांचा कारभार ढिला आहे. हे होते. खोट्या माथाडींची तक्रार खऱ्या माथाडी नेत्यांनीही केली आहे. पण रोग झाला म्हणून अवयव कापावा असे ठरत नाही. बँकेत गैरव्यवहार झाला तर आपण ठेवींवरचा विमा रद्द करा म्हणत नाही. मंडळे पोकळ झाली असतील तर तिथे माणसे भरावीत, नोंदी ऑनलाइन आणाव्यात, दमदाटीवर गुन्हे दाखल व्हावेत. हे सगळे आजच्या कायद्यांत बसते.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याला बगल देणे मला योग्य वाटत नाही. माणसाच्या कष्टाला काहीच किंमत नाही का? रात्रशाळेत शिकून, लोकलला लोंबकळत नोकरी करून, पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी ऐरोलीत वन-बीएचके घेतला, त्यांना ‘हे तुमचे नाही, व्यवस्थेचे आहे’ असे सांगणे अन्यायाचे होईल. मी तसे सांगत नाही. कष्ट त्यांचेच होते. पण त्याच वर्षी, तितक्याच कष्टाने राबलेल्या दुसऱ्याचा कारखाना ठाणे-बेलापूर पट्ट्यात बंद पडला. त्या पट्ट्यातल्या रसायनांच्या कारखान्यांच्या जागी आता काचेची आयटी पार्के आहेत, आणि आत सुरक्षारक्षकापासून सफाई कामगारापर्यंत बहुतेक जण कंत्राटदाराचे आहेत. पहिल्याला मिळालेली स्वस्त कर्जाची खिडकी, कायम नोकरी आणि सिडकोचे सोडतीतले घर दुसऱ्याला मिळाले नाही. कष्ट लागतातच. पण दोघांचे कष्ट सारखे असताना फळ इतके निराळे का, याचे उत्तर कष्टांत सापडत नाही. आणि मुलीच्या घरच्यांनी स्थळाबद्दल चौकशी करायचीच नाही का, असे विचाराल तर जरूर करावी. फक्त ‘मुलगा सेटल आहे का’ एवढ्यावर न थांबता नोकरी कोणत्या कराराची, आजारपणात कोण बघते, घराचे कागद कोणत्या मुदतीचे, हे विचारावे. उत्तरे जास्त खरी मिळतील, आणि मुलालाही आपल्या नशिबाऐवजी आपल्या कराराबद्दल बोलता येईल.

मुख्य प्रश्न मात्र चौकशीचा नाही. पावणे, महापे, तळोजा, पनवेलच्या गोदामांत आज जे काम चालते ते मुळात माथाडीचेच आहे. माल उतरवणे, लावणे, निवडणे, पोहोचवणे. फरक इतकाच की मुकादमाच्या जागी मोबाइलवरचे ॲप आहे आणि दुचाकीवरच्या मुलाला कामगार न म्हणता भागीदार म्हणतात. त्याला गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, अपघात झाला तर दवाखानाही बहुधा स्वतःचाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये याच कामगारांसाठी कायदे केले. नोंदणी, कल्याण मंडळ आणि व्यवहारागणिक कापायचे शुल्क ही त्या दोन्ही कायद्यांची रचना तुर्भ्याच्या बाजारात काम केलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. महाराष्ट्राकडे तर अशा मंडळांचा अर्ध्या शतकाहून जास्त अनुभव आहे, त्यांच्या चुकांसकट. कंपन्या म्हणतील, या मुलांना वेळेचे स्वातंत्र्य हवे असते, बांधिलकी नको असते. माथाडीही एका मालकाला बांधलेला नव्हता, आणि त्याची नोंद त्यामुळे अडली नाही. ग्राहकाला महाग पडेल, असेही म्हणतील. पडेल थोडे. दहा मिनिटांत दारात येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर ती लेव्ही काही पैशांची बसेल, आणि ती तुम्हीआम्हीच भरायची आहे.